पूजा झालेली सायकल

व्हिएतनाममधल्या त्या नदीकाठच्या गावात आम्ही आदल्या संध्याकाळी पोहोचलो होतो. दुसऱ्या दिवशी काहीच करायचं नव्हतं. टूरच्या कार्यक्रमात त्या दिवसापुढे फक्त 'आराम' असं लिहिलेलं. त्याच्या पुढच्या सकाळी सायकलींवरून समुद्राच्या कडेकडेने दक्षिणेला निघायचं होतं. मी ठरवलेलं, नदीकाठी एक खुर्ची पकडायची, ती घट्ट दुधाची कॉफी घ्यायची आणि दिवसभर कोणाशी बोलायचं नाही.

आमचा ग्रुप डोंबिवलीचा. त्यात सगळ्यात लहान मी. ठाण्याच्या नौपाड्यात ऑफिस आणि डोंबिवलीत घर असलेल्या माणसाला जेवढा वेळ उरतो, तेवढा मी वर्षभर सायकलवर घालवला होता. दर रविवारी शीळफाट्यापर्यंत ट्रकचा धूर खात जायचं आणि परत यायचं. परतताना चहाच्या टपरीवर ठरलेला विनोद व्हायचा.

"कॉन्व्हेंटच्या मॅडम, एकोणसत्तर म्हणजे किती ते सांगा!"

मला येतं. पण सांगितलं तरी हसतात आणि नाही सांगितलं तरी हसतात, म्हणून मी चहा पीत राहायचे.

त्या दिवशी मात्र माझ्या शाळेचा सगळ्यांना अभिमान वाटत होता. नाश्त्यालाच एका काकूंना खोली बदलून हवी झाली. मग कोणाच्या फोनचं कार्ड चालेना. मग एसीचा रिमोट. "तू ये गं जरा, तुझं इंग्लिश कसं फाडफाड आहे." खरं तर तिथे इंग्लिश जेमतेमच कोणाला कळत होतं. मी फोनवर चित्रं दाखवत होते, हातवारे करत होते, हसून पुन्हा पुन्हा विचारत होते. ते कोणालाही जमलं असतं. कॉफी राहिलीच.

दुपारी भाड्याच्या सायकली हॉटेलच्या अंगणात आल्या. सगळ्या जवळपास सारख्या उंचीच्या होत्या, फक्त एक छोटी. ती माझी. माझी उंची कमी आहे, म्हणून मी महिनाभर आधी दुकानाला मेल करून ती खास मागवली होती. दुकानातल्या बाईने मला तिच्यावर बसवलं, सीट थोडी खाली घेतली, माझे दोन्ही पाय जमिनीला टेकले तेव्हा अंगठा वर करून दाखवला. अख्ख्या दिवसात मला तेवढंच बरं वाटलं.

तेवढ्यात एक काका पोट धरून आले. आदल्या रात्रीचं सूप बाधलं होतं. औषधाचं दुकान शोधायला हवं होतं.

"तूच जा त्यांच्याबरोबर," दादा म्हणाले. दादा म्हणजे आमचे ग्रुप लीडर. वय साठीच्या पुढे, पण सगळे दादाच म्हणतात. "पूजा आपण संध्याकाळी निवांत करू."

नव्या गाडीची आपल्याकडे करतात तशी सायकलींची पूजा करायची, हे डोंबिवलीहूनच ठरलं होतं. हळदकुंकू, उदबत्ती, सगळं कोणाच्या तरी बॅगेत होतं.

पोट बिघडलंय हे दुकानदाराला कसं सांगितलं ते मी लिहीत नाही. परत आलो तर अंगणात उदबत्तीचा वास होता. सोललेला नारळ मिळाला नाही म्हणून शहाळं फोडलेलं, त्याचं पाणी फरशीवर सांडलेलं. प्रत्येकाने आपापल्या सायकलच्या हँडलला कुंकू लावलं होतं, काकांच्या सायकललाही कोणीतरी लावलं होतं. छोट्या सायकलशेजारी वहिनी उभ्या होत्या, दादांच्या पत्नी, माझ्यापेक्षा चांगल्या वीतभर उंच. फोटो चालले होते.

"वहिनी, ही माझी सायकल आहे," मी म्हणाले. आवाज नेहमीसारखाच आतल्या आत राहिला. मी पुन्हा म्हणाले.

"अगं, हिच्यावर माझे पाय छान टेकतात गं. त्या उंच सायकलींची मला भीतीच वाटते."

"पण मी ही मागवून घेतलेली."

"आता पूजा झाली ना तिच्या हातून," दादा मध्ये पडले. "पूजा झालेली सायकल बदलतात का? अपशकुन कशाला? तुझ्यासाठी थांबलो असतो, पण या सगळ्यांना बाजारात जायचं होतं."

मी उरलेल्या सायकलकडे पाहिलं. तिला कुंकू नव्हतं.

"आणि ऐक," ते मायेने म्हणाले, "तू सामानाच्या व्हॅनमध्ये बस. ड्रायव्हरशी बोलायला कोणीतरी हवंच. तुझ्याशिवाय आमचं पान हलत नाही, बघतेयस ना?"

"एसीत बसून जाशील, मज्जा आहे एका मुलीची," वहिनी म्हणाल्या.

त्यांना खरंच वाटत होतं की ते मला काहीतरी देतायत.

"मी व्हॅनमध्ये बसणार नाही," मी म्हणाले. या वेळी सगळ्यांना ऐकू गेलं.

"अरे बापरे, बोलते की ही!" पोट बिघडलेले काका म्हणाले. माझ्या हातून घेतलेली गोळी त्यांच्या हातातच होती.

उंच सायकलची सीट मी जाईल तितकी खाली केली. तरीही भिंतीला धरूनच चढावं लागलं. अंगणात एक फेरी मारली आणि उतरता येईना म्हणून खांबाला मिठी मारली. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या, लहान मूल पहिल्यांदा चालल्यावर वाजवतात तशा. त्या टाळ्यांचा मला अजून राग येतो.

सकाळी मी तिच्यावरूनच निघाले. पहिल्याच वळणावर दादा एका म्हाताऱ्या शेतकऱ्याशी मोठमोठ्याने मराठी-इंग्लिश बोलत रस्ता विचारत होते. मला पाहून त्यांनी हात केला. "थांब, थांब, याला जरा विचार ना!"

मला त्या सायकलवर थांबता येत नव्हतं, हे खरं होतं. पण आलं असतं तरी मी थांबले नसते.