उद्यासाठी ठेवलेला पत्ता

आमच्या कॉम्प्युटरच्या पोटातून तांदूळ निघाले. मालेगावातल्या दुरुस्तीवाल्या भाऊंनी डब्याचं एका बाजूचं झाकण काढलं, मोबाइलची बॅटरी आत मारली आणि मला जवळ बोलावलं. मदरबोर्डावर, पंख्याखाली, वायरींच्या गुंत्यात जिथे तिथे अक्षता अडकल्या होत्या. कुंकवाचा लाल थर बसला होता तो वेगळाच.

"ताई, आत खिचडी लावून राह्यल्या काय तुमी?"

माझ्या सासूबाईंची ही करणी, हे मला सांगावं लागलं. दसऱ्याला आमच्याकडे विळे, कुऱ्हाड, मोटारसायकल, शिलाई मशीन असं सगळं पुजतात. मी घरी बसून लग्नपत्रिका टाइप करते, म्हणून माझा कॉम्प्युटरही त्या रांगेत. सासूबाई त्याला हळदकुंकू लावायच्या, झेंडूचं फूल बुडवून पाणी शिंपडायच्या आणि वरून मूठभर अक्षता टाकायच्या. जाळीतून आत जातं हो सगळं, असं मी दरवर्षी ओरडायचे.

"आत गेलं तं बरंच हाय ना वं," त्या म्हणायच्या. "देव काय डब्ब्याच्या वर बसते?"

यंदाच्या दसऱ्याला त्या नव्हत्या. मग ज्या गोष्टींवरून मी इतकी वर्षं कटकट केली, त्या सगळ्या मीच केल्या, पाण्यासकट. कोरडी पूजा करवेना. चार दिवसांनी मशीन बंद पडलं ते पडलंच. नवरा म्हणाला, शिकलेली बाई तू. मी म्हटलं, गप्प बसा.

भाऊंनी नवा बोर्ड बसवला, पण कॉम्प्युटर काही वर येईना. निळा पडदा यायचा आणि परत अंधार. "बोर्ड बदलला का जुनी सिस्टीम त्याले ओळखतच नाही," भाऊ म्हणाले. "नवीनच टाका लागते. हार्डडिस्क बी थकली हाय, दुसरी लावू. तुमच्या पत्रिका, फोटो सारं काढून ठेवतो. अजून काही ठेवायचं हाय?"

ठेवायचं होतं, पण सांगायला लाज वाटत होती. मला पत्त्यांचा एक डाव हवा होता.

सासूबाई रिठद या खेड्यातल्या. सासरे गेल्यावर आमच्याकडे मालेगावला राहायला आल्या आणि दुपार कशी काढायची हा प्रश्न त्यांना पडला. शेतात राबलेल्या बाईला दोन खोल्यांत काम ते काय असणार? एकदा मी पत्त्यांचा तो एकट्याने खेळायचा खेळ उघडून दिला. लाल पत्त्याखाली काळा लावायचा, शेवटी चारही रंग एक्क्यापासून राजापर्यंत चढवायचे. पहिले काही दिवस माउस दोन्ही हातांनी धरून बसल्या, जणू तो पळून जाईल. नंतर बाईंनी मला माझ्याच खुर्चीवरून उठवलं. दारात पत्रिकेचं गिऱ्हाईक उभं असायचं आणि या मला म्हणायच्या, "थांब वं, चौकटची राणी अडकली हाय."

पण खेळायची त्यांची रीत जगावेगळी होती. डाव लागला, सगळे पत्ते चढले, की शेवटचा राजा त्या चढवायच्याच नाहीत. तो एक पत्ता तसाच ठेवायच्या आणि उठायच्या. माझा जीव वर-खाली व्हायचा. "आई, टाका ना तो एक पत्ता!"

"डब्बा पुरा रिकामा करू नाही माय. मूठभर तळाले राहू द्या लागते. उद्याचे दाणे त्याच्याच आसऱ्यानं येतात."

धान्याच्या कोठीचा नियम होता तो. ज्वारी असो, तांदूळ असो, तळ कधी झाडून घ्यायचा नाही. तोच त्यांनी पत्त्यांना लावला. दुसऱ्या दिवशी खेळ उघडला की मशीन विचारायचं, कालचा डाव शिल्लक आहे, पुढे खेळायचा का? इंग्रजी वाचता येत नव्हतं, पण माणसाचा चेहरा ओळखावा तसा तो प्रश्न त्या ओळखायच्या. "पाह्य, वाट पाहून राह्यलं माही," म्हणायच्या आणि हो म्हणून राजा चढवायच्या. मग पडद्यावर सगळे पत्ते धबाधबा उड्या मारत खाली यायचे आणि त्या तोंडाला पदर लावून हसायच्या. त्यांची दुपार अशी जिंकूनच सुरू व्हायची. मग नवा डाव. तो लागेपर्यंत उठायचं नाही, मग माझ्या पत्रिकेतल्या नवरीला का उशीर होईना.

त्या शेवटच्या दुपारीही त्या खेळल्या. छातीत जड वाटून राह्यलं, म्हणत उठल्या आणि आडव्या झाल्या. संध्याकाळपर्यंत सगळं संपलं होतं. त्यांच्या मागे मी त्याच मशीनवर पत्रिका केल्या, पण पत्त्यांचा खेळ कधी उघडला नाही. भीती वाटायची. दुखतंय म्हणून त्या डाव अर्ध्यात टाकून उठल्या असतील तर? उड्या मारणारे पत्ते बघून हसणारी बाई हरलेल्या डावावरून उठून गेली, हे मला बघायचं नव्हतं. आणि आता सिस्टीमच जाणार, म्हणजे ते कधीच कळणार नव्हतं. तेव्हा मला समजलं की मला ते कळायलाच हवं होतं. त्यांचा शेवटचा डाव लागला होता की नाही, एवढंच.

भाऊंना कसंबसं सांगितलं. वाटलं, हसतील. ते म्हणाले, "माही अम्मी बी मोबाइलवर लुडो खेळते. हरली का जेवत नाही." मग त्यांनी कोपऱ्यातला एक जुना सेट पुढे ओढला. त्याचा बोर्ड आमच्या जुन्या बोर्डासारखाच होता. आमची हार्डडिस्क त्याला जोडत म्हणाले, "उठन एखाद-दोन बार. पुढचा भरोसा नाही देत."

कितीतरी वेळ चक्र फिरत राहिलं. डिस्क आतून कुरकुरत होती. मग आमचा पडदा आला, पत्रिकांच्या फायलींनी भरलेला, आणि कडेला तो पत्त्यांचा खेळ. भाऊ दुसऱ्या कामाकडे वळून पाठमोरे बसले. मी खेळ उघडला. मशीनने विचारलं, आधीचा डाव शिल्लक आहे, पुढे खेळायचा का?

इतके महिने ते विचारायचं थांबलं होतं, कारण कोणी त्याच्यासमोर बसलंच नव्हतं. मी हो म्हटलं.

बदाम, चौकट, किल्वर, तिन्ही ढिगांवर राजे बसलेले होते. चौथ्यावर इस्पिकची राणी. आणि खाली, सगळ्या रिकाम्या हिरव्या पडद्यावर, एकटा इस्पिकचा राजा.

डाव लागला होता. दुखत असतानाही बाईंनी तो पुरा लावला होता आणि उद्यासाठी पत्ता ठेवून उठल्या होत्या. मला इतकं रडू आलं की पडदा दिसेना. त्या दारातून येऊन मला खुर्चीवरून उठवत्या तर काय हवं होतं मला दुसरं! सगळ्या गिऱ्हाइकांना परत पाठवलं असतं.

माउसवर माझा हात होता. राजा चढवला असता तर पत्ते उड्या मारत खाली आले असते, त्यांना आवडायचे तसे. डिस्क पुन्हा उठेल याची खात्री नव्हती. उद्या काही यायचा नव्हता, हे मला माहीत होतं. तरी मी कोपऱ्यातल्या फुलीवर क्लिक केलं, आणि डाव ठेवायचा का असं विचारल्यावर पुन्हा हो म्हटलं.

माझी चाहूल लागून भाऊ वळले. "संपलं का ताई?"

"नाही," मी पदराने डोळे पुसत म्हटलं. "थोडं ठेवलं. उद्याले."