नगरच्या पदकातले सात दोष

शलमोन भिंगारदिव्याला जगात कुणाचा हेवा वाटत नसेल, असं कुणी त्याच्या बायकोला विचारलं, तर हन्नाबाई जरा विचार करून सांगायच्या, "लंगड्या कुत्र्याचा. पन त्याला कुनी भाकरी टाकली, तर मग त्याचाबी."

त्यात खोटं काही नव्हतं. शेजारच्या वेलाला दुधी हातभर लांब आला, की याच्या तोंडची चव जायची. रविवारी ख्रिस्ती देवळात दुसऱ्या कुणाला गीत म्हणायला उभं केलं, की याला खोकला यायचा, आणि तो नेमका दुसऱ्या कडव्याला यायचा.

धंदा मात्र प्रेमाचा. नगरच्या बाजारात एका भांड्यांच्या दुकानाच्या पायरीवर बसून शलमोन भांड्यांवर नावं घालायचा. मांडीत घागर, एका हातात छिन्नी, दुसऱ्यात चिमुकली हातोडी. टिंबाला टिंब जोडत अक्षर उमटायचं. मामाकडून भाचीला, सासऱ्याकडून जावयाला, सगळी माया याच्या हातून पितळेवर उतरायची. नगरातल्या कुठल्याही स्वयंपाकघरात शिरा, फडताळावरून शलमोनचं अक्षर तुमच्याकडे बघणारच. त्यात त्याचा 'ल' तर विचारूच नका. शेपटीला असा झोकदार वेढा, की तेवढ्यावरून बायका विहिरीवर आपला तांब्या ओळखायच्या.

पण वीस वर्षं लोकांची नावं घालणाऱ्याला लोक हाक मारायचे ती 'ओ नाववाले' अशी. ते त्याला डाचायचं. त्याहून डाचायचा तो समोरचा फक्रुद्दीन. रस्त्यापलीकडे खुर्चीवर बसून तो कचेऱ्यांच्या मोहरा कोरायचा, डोळ्याला भिंग लावून. लोक जोडे काढून त्याच्या दुकानात चढायचे आणि त्याला 'उस्ताद' म्हणायचे. बारा वर्षं दोघं समोरासमोर बसले, पण शलमोन एकदाही ती पायरी चढला नव्हता. समोर आज कितीजण चढले, हे मात्र त्याला तोंडपाठ असायचं.

सत्तेचाळीस सालचा जुलै लागला. स्वातंत्र्याचा दिवस साजरा करायला शहरात एक उत्सव कमिटी निघाली. शाळेतल्या प्रत्येक मुलाच्या छातीवर पितळेचं पदक लावायचं, असं ठरलं. कमिटीचे चिटणीस सहादेव मास्तर चित्रकला शिकवायचे. त्यांनी पत्रक लावलं: पदकासाठी नमुने मागवले आहेत. कागदावर नाव घालू नये, नाव वेगळ्या बंद पाकिटात द्यावं. ज्याचा नमुना पसंत पडेल, त्याचं नाव पदकाच्या कडेला बारीक अक्षरांत घालण्यात येईल.

शलमोननं ते पत्रक तीनदा वाचलं. आपलं नाव! तेही एका घागरीवर नाही, गावातल्या एकूण एक पोराच्या छातीवर.

आठ दिवस त्यानं घरात कुणाला बोलू दिलं नाही. नगरच्या किल्ल्याचा दरवाजा सताड उघडा, आणि त्यातून चोचीत डहाळी घेतलेलं कबूतर बाहेर उडतंय, असं चित्र त्यानं काढलं. खाली तारीख, शहराचं नाव. कुणी ओळखू नये म्हणून अक्षरं मुद्दाम पट्टी लावून ठोकळ्यासारखी काढली.

"बदक बरं जमलंय," हन्नाबाई म्हणाल्या.

"कबूतर हाय ते!"

"मग जरा उपाशी ठिवायचं त्याला."

नमुना कमिटीकडे गेला. दहा-बारा दिवस काहीच कळलं नाही. मग एका सकाळी शलमोननं पाहिलं, सहादेव मास्तर फक्रुद्दीनच्या दुकानात चढले. बगलेत कागद. अर्ध्या तासानं उतरले तेव्हा बगल रिकामी आणि चेहरा हसरा.

शलमोनची हातोडी थांबली. मांडीतल्या घागरीवर 'चि. सौ.' झालं होतं, पुढचं नाव त्याला आठवेना. त्याच्या डोक्यात एकच हिशेब बसला: मास्तर उस्तादाकडे गेले, म्हणजे उस्तादाचाच नमुना पसंत पडला. भिंगवाल्याला खुर्ची होती, जोडे काढणारी गिऱ्हाइकं होती, आता पदकसुद्धा त्याचंच.

दुपारी फक्रुद्दीन नमाजाला गेला, तसा शलमोन रस्ता ओलांडून गेला. पायरी चढला नाही हं, अजिबात नाही. खालूनच मान लांब केली. मेजावर तेलकट पातळ कागद चिमट्यानं लटकवलेला होता, त्यावर रुपयाएवढं गोल चित्र. डावीकडे तोंड केलेला कसलासा जाड पक्षी. चोचीत काहीतरी लोंबतं. मागे किल्ल्याच्या नावाखाली ढिगारा, त्यात दारासारखं भोक. आणि खाली अक्षरं? वाचायला गेला, तर एक लागेना. सगळी उजवीकडून डावीकडे चाललेली.

"उर्दू!" शलमोन पुटपुटला आणि त्याला फार दिवसांनी बरं वाटलं.

घरी येऊन त्यानं कमिटीला निनावी अर्ज खरडला. पसंत नमुन्यात सात दोष आहेत, असं म्हणून एकेक उलगडून मांडला. पक्षी बदकासारखा दिसतो. किल्ला किल्ल्यासारखा वाटत नाही, विटांची भट्टी वाटते. दरवाजा उघडा आहे की पडलेला आहे, कळत नाही. डहाळी आहे की गांडूळ, हेही कळत नाही. एवढ्याशा जागेत भलती गर्दी केली आहे. पक्षी डावीकडे उडतो, हे अशुभ. आणि सातवा दोष, नगरच्या पदकावर मराठी सोडून उर्दू घातली आहे, याला जबाबदार कोण? खाली सही: एक हितचिंतक.

हन्नाबाईंनी अर्ज हातात घेऊन पाहिला. "आन् नाव का न्हाई घातलं?"

"निनावी हाय."

"व्हय, लईच निनावी," असं म्हणून त्या भाकरी थापायला गेल्या. त्या वेळी विचारलं असतं तर बरं झालं असतं, पण रागाच्या भरात माणूस बायकोला कुठं विचारतो!

रविवारी दुपारी शाळेच्या मोठ्या वर्गात पाकीट उघडायचं होतं. ही गर्दी! फक्रुद्दीन पुढच्या बाकावर, फडक्यात पोलादी ठसा गुंडाळून. शलमोन मागं, दाराला टेकून. पडणाऱ्याची मजा बघायला आलेला माणूस उभा राहतो तसा.

मास्तर उठले. "पाकीट उघडण्याआधी एक अर्ज वाचतो," म्हणाले, आणि सातही दोष खणखणीत आवाजात वाचले. गांडुळाला लोक हसले. उर्दूला मात्र वर्ग चिडीचूप झाला. ते दिवस तसेच होते.  फक्रुद्दीननं फडक्याची गाठ तेवढी घट्ट केली.

मग मास्तरांनी पाकीट फोडलं. आतली चिठ्ठी वाचली, अर्जाकडे पाहिलं, पुन्हा चिठ्ठीकडे पाहिलं. त्यांचे खांदे हलायला लागले.

"मंडळी, पसंत नमुना आहे शलमोन भिंगारदिवे यांचा. उस्तादांनी नमुना दिलाच नव्हता, ठसा तेवढा ते कोरताहेत. आणि हा अर्ज..." त्यांनी दोन्ही कागद उंच धरले. "या अर्जातला 'किल्ला' हा शब्द बघा. हा 'ल' कुणाच्या घरी नाही, त्यानं हात वर करावा!"

एकही हात वर झाला नाही. पुढच्या क्षणी जे हसू फुटलं, त्यानं म्हणे छपरावरची कबुतरं उडाली. बदकं असती तर तीही उडाली असती.

शलमोनच्या कानशिलांची भट्टी झाली. आपण ज्याला नावं ठेवली, ते आपलंच! दार मागेच होतं, एक पाऊल टाकलं की सुटका. पण मास्तर आता हसत नव्हते.

"तक्रार आली आहे, तेव्हा कमिटीला तिचा विचार करावा लागेल. अर्जदारानं उभं राहून ती मागे घेतली, तर नाव घालू. नाहीतर दुसरा नमुना आहे."

सगळा वर्ग वळून दाराकडे बघत होता. शलमोनला दुसरा नमुना कुणाचा असेल असा विचार आला, आणि खरं सांगायचं तर त्याच विचारानं त्याला बोलतं केलं.

"माझाच अर्ज हाय," तो म्हणाला. "वाटलं, उस्तादांचं चित्र पसंत पडलं. बघवलं न्हाई मला. मागं घेतो." मग खालच्या आवाजात, "त्या उर्दूचं तर लईच चुकलं."

फक्रुद्दीन उठला. "शलमोनभाऊ, ते उर्दू नव्हतं. ते तुमचंच मराठी होतं, पाठीमागून. ठसा उलटा कोरावा लागतो ना, म्हणून कागद पालथा घालतो आम्ही." मग कमिटीकडे वळून म्हणाला, "पण मास्तर, पहिला दोष खरा आहे. पोट मी जरा कमी केलंय."

दुसऱ्या दिवशी शलमोन समोरची पायरी चढला. जोडे काढून. बसायच्या आधीच म्हणाला, "माझं नाव मी घालनार."

फक्रुद्दीननं शिशाचा तुकडा आणि बारीक छिन्नी पुढे केली. "आधी यावर. उलटं."

शलमोननं उलटा 'श' काढला. 'ल'ला आला आणि अडकला. वीस वर्षं एकाच बाजूला वळलेला हात दुसरीकडे वळेना. शेपटी कधी वर जाई, कधी पोटात शिरे. तिसरा तुकडा खराब झाल्यावर त्यानं छिन्नी खाली ठेवली. ठसा संध्याकाळच्या गाडीनं पुण्याला जायचा होता, पदकं तिथं पाडली जाणार होती.

"घाला तुमीच," तो म्हणाला.

फक्रुद्दीननं भिंग लावलं. समोर 'ल'चं वळण बघायला कमिटीकडून मागून आणलेला तो अर्ज ठेवला आणि तासाभरात नाव घातलं. मग लाख तापवून ठसा दाबला आणि भिंग शलमोनच्या हातात दिलं. तांदळाएवढी अक्षरं. शलमोन भिंगारदिवे. दोन्ही शब्द सुलटे, स्वच्छ. त्याचाच 'ल', त्याचीच शेपटी. पण वेढा असा आलेला, की तसा शलमोनला स्वतःला कधी साधला नव्हता.

घरी हन्नाबाईंनी विचारलं, "कसं आलंय नाव?"

"आलंय," शलमोन म्हणाला. "ल जरा जास्तच चांगला काढलाय त्यानं. गरज नव्हती."

पंधरा ऑगस्टला नगरची पोरं पदकं लावून मिरवत होती, तेव्हा हा त्यांना थांबवून वाकून वाकून त्यांच्या छातीकडे बघत होता. लोकांना वाटलं, आपलं नाव वाचतोय. तो शेपटी बघत होता. आणि सोळा तारखेला, घागर तशीच पायरीवर ठेवून, तो पुन्हा समोर चढला.

"उस्ताद, तो वेढा हिकडून घेता का तिकडून?"