फक्कीचं दार

स्टेशन रोडजवळच्या मोकळ्या प्लॉटवर पाच मजली ऑफिस बिल्डिंगचा बोर्ड आहे. बोर्डवरचं चित्र उन्हानं उडालं, तरी बिल्डिंगचा पत्ता नाही. तिथं राखणीला एक म्हातारे मिस्त्री असतात. जमिनीवरची भिंतींची आखणी त्यांचीच. वाऱ्यानं पुसली की सकाळी मुठीतून चुन्याची फक्की सोडत रेघा पुन्हा ओढतात. असली सरळ रेघ मला कागदावर पट्टीनं जमत नाही.

एकदा घाईत मी प्लॉटमधून आडवा निघालो.

"ओ पावणं! भिंतीतनं कुठं निघालाय? दार तिकडं हाय की!"

मी वळून रेघेतल्या मोकळ्या जागेतून गेलो. "चाचा, बिल्डिंग होणार का पण?"

"त्ये मालकास्नी इचारा. म्या आखलीया. माझ्यापुरती ती उभी हाय."

परवा मालक आले, सोबत प्लॉट विकत घ्यायला आलेलं एक उंचपुरं गिऱ्हाईक. दोघं बोलत रेघेवर पाय देणार, तोच मिस्त्री ओरडले, "मालक, दार!"

मालक थबकले, मागं फिरले आणि दारातून आत गेले. त्यांच्यामागून आत शिरताना त्या उंच गिऱ्हाइकानं डोकं जरा वाकवलं.