मोहोळच्या लख्ख पिशव्या

आमच्या लॅबच्या वहीत रीडिंग कमी आणि किस्से जास्त, असं सर म्हणतात. खरंच आहे. दुधाच्या रिकाम्या पिशव्या रिअॅक्टरमध्ये घालायच्या, कॅटॅलिस्टची पांढरी पावडर टाकायची, तापवायचं, आणि निघालेल्या मालातून मशिनसाठी वंगण करायचं, हे आमचं काम. दिवसभर कचऱ्यात बसल्यावर दुसरं काय साठणार!

*

पिशव्या आणायच्या कुठून? सरांनी फर्मान काढलं, "घरून आणा." मी जुळे सोलापुरात राहते. अपार्टमेंटमध्ये दारोदार फिरले. तिसऱ्या मजल्यावरच्या काकूंनी पिशव्या दिल्या, वर दोन जुन्या चपला दिल्या. म्हणाल्या, "एवढी शिकलीस, आणि हे दिवस आले गं!" मी गपगुमान चपलाही घेतल्या.

*

वास तर केसांतून जाता जात नाही. एकदा रिक्षावाले चाचा दर चौकात उतरून इंजिन बघायला लागले. "मॅडम, कुछ जलरा क्या?"

शेवटी मीच सांगितलं, "चाचा, इंजिन ठीक आहे. वास माझा आहे."

पुढचा सगळा रस्ता त्यांनी मान बाहेर काढून रिक्षा चालवली!

*

आता सचिन. मोहोळचा, माझ्याबरोबरच पीएच.डी.ला. कॅन्टीनच्या पिशव्यांवर त्याचं पहिलंच रीडिंग झकास आलं. सर म्हणाले, "हेच आणखी तीनदा आलं की थीसिस दे. नाही आलं तर विषय बदल." म्हणजे चार वर्षं पाण्यात!

कॅन्टीनच्या पिशव्या संपल्या होत्या. त्यानं आईला फोन लावला, "आई, माझी डिग्री पिशव्यांवर हाय. जमवून ठेव." सोमवारी पोतंभर पिशव्या आल्या, एकदम लख्ख! सर खूश.

रिझल्ट? नुसता चिकट गोळा.

*

तिसऱ्यांदा फसल्यावर सचिन सिंकपाशी उभा राहून रडला. मला बघवेना. काहीतरी करायचं म्हणून मी एक पिशवी पाण्यात भिजवली आणि त्यात लाल लिटमस बुडवला. निळा!

"सचिन, आई पिशव्या कशानं धुते रे?"

"चुलीच्या राखेनं. दोनदा घासते. पोराचं काम हाय म्हणून."

आमची पावडर आम्लाची. राखेतल्या खारानं ती मरत होती. आणि हा फोनवर "जमंना गं" म्हणाला, की तिकडं माउली पुढचं पोतं आणखी जोरात घासत होती!

"सांग की तिला."

"लई बोटं सोलल्यात तिची. तू सांग."

कुणीच सांगितलं नाही. सचिन प्रत्येक पिशवी व्हिनेगरच्या पाण्यात खळबळून घ्यायला लागला. रीडिंग तिन्ही वेळा आलं. थीसिसमध्ये एक ओळ वाढली: 'धुलाई दोन टप्प्यांत.'

*

व्हायवाला आई मोहोळहून आली. नवी साडी नेसून शेवटच्या बाकावर बसली. बाहेरगावचे परीक्षक कडक. तासभर सचिनला सोलून काढलं. शेवटी विचारलं, "या सगळ्या प्रक्रियेत निर्णायक टप्पा कोणता?"

"सर, पिशव्या धुणं."

मागून आई ताडकन उभी राहिली. "त्ये मी करते, सायेब! राखेनं, दोनदा घासून!"

सर छताकडे बघायला लागले. परीक्षकांनी चष्मा काढला.

"राखेनं? खरं का हे?"

सचिननं मागं वळून आईकडे बघितलं.

"हो सर. त्याशिवाय दुसरी धुलाई मला सुचलीच नसती."

आई पदर सावरून खाली बसली, आणि परीक्षकांनी सही केली.