सायकलीच्या नळीवरचं नाव

माझी रेसची सायकल विकायला काढली तेव्हा मला एकच गोष्ट हवी होती. ती जिथं जाईल तिथं माझी म्हणून जावी. भाव काय यायचा तो येवो. गुडघे गेले, डॉक्टरांनी पेडल मारायचं नाही म्हणून सांगितलं, आणि खोलीत नुसती उभी करून ठेवायला ती काय देव्हाऱ्यातली मूर्ती आहे?

विकायच्या आधी तिला मीच नीट केली होती. साखळी डिझेलमध्ये भिजवली, रिमांचा गंज बोटं सोलून निघेपर्यंत घासला, ब्रेकची रबरं पुण्याच्या जुन्या बाजारातून मागवली. रंगाला मात्र हात लावला नाही. सगळे म्हणत होते, नवा कोरा मारून घे, चकाचक दिसेल. दिसेल की! पण जुन्या रेसच्या सायकलीचा मूळ रंग गेला की तिची निम्मी किंमत गेली, हे त्यांना कोण सांगणार?

सायकल बघायला पुण्याहून जुन्या सायकली घेणारे एक गृहस्थ आले. माणूस जाणकार होता, खोटं कशाला बोलू. सायकल उलटी करून खालचा नंबर पाहिला, नळीवर टिचकी मारून आवाज ऐकला, चाक फिरवून कान लावला. म्हणाले, "ताई, काम फार छान केलंय. पंचेचाळीस हजार तर कुठं गेले नाहीत. शर्यतीत पळालेली असेल तर सत्तरपर्यंत जाईल. चालवायचं कोण?"

"मी," मी म्हणाले.

"नाही, म्हणजे शर्यतीत कोण?"

"शर्यतीतच. जिल्ह्याच्या."

"अच्छा, हौस म्हणून." आणि हसले.

हौस! हौसेनं कुणी चैत्राच्या उन्हात मंद्रूपच्या रस्त्यावर रोज मरायला जातं का? लोक रस्त्याकडेला थांबून बघत, 'कुणाची गं तू, घरात काम न्हाय का' म्हणून ओरडत. मांड्या पेटायच्या, तोंडात धूळ जायची. मी तसं म्हटलंही. त्यांनी मान हलवली आणि विचारलं, "फोटो आहे का एखादा?"

फोटो कुठला? आमच्याकडे मुलीचा फोटो काढायचा तो स्थळं बघायला. प्रमाणपत्रं माहेरी राहिली आणि माझ्या लग्नानंतर रद्दीत गेली.

तेवढ्यात त्यांनी सीटखालची नळी फडक्यानं पुसली आणि तिथलं नाव वाचलं. माझ्या मोठ्या भावाचं, अण्णाचं.

त्याचं असं झालं. आमच्या अव्वाला, म्हणजे आईला, नवीन भांडं घरात आलं की त्यावर नाव घालून घ्यायची सवय. तांब्या असो, परात असो, सगळ्यावर अण्णाचं नाव. सायकल आली तेव्हा ती नवी घागर घेऊन भांड्याच्या दुकानात निघालीच होती, तर सायकलही घेऊन गेली. चोरीला जाऊ नये म्हणून. मी आकांडतांडव केलं. ती म्हणाली, "तुझं नाव घालून काय करू? उद्या लग्नात बदलणार. मग खोडत बसायचं का?" घागरीवर एक आणि सायकलीवर एक, दोन्ही नावं दुकानदारानं मशीननं सारखीच कोरून दिली.

"हे कोण मग?" गृहस्थांनी विचारलं.

अण्णा शेजारच्या खुर्चीत बसला होता. मी बोलावलं नव्हतं. गिऱ्हाईक आलंय कळलं आणि आपणहून आला. तो म्हणाला, "मी की! शर्यतीला मीच पळायचो."

मला वाटलं, थट्टा करतोय. पण तो थांबेना. कुठल्या वळणावर कुणाला मागं टाकलं तेही सांगायला लागला, आणि ते वळण माझं होतं! त्या शर्यतीच्या रात्री जेवताना मीच त्याला ते सांगितलं होतं. गृहस्थांचे डोळे चमकले. "हे झकास झालं! नाव सायकलीवर, माणूस समोर. सत्तर नक्की."

अण्णानं मला कोपरानं ढोसलं. "हो म्हण की. पैसे तुलाच हायत."

माझ्या अंगाचा तिळपापड झाला. "अण्णा, ऊठ," मी म्हणाले. "ऊठ आणि तिच्याजवळ उभा राहा." तो सहा फुटी गडी, आणि सायकल माझ्या मापाची. "बघा साहेब, तुम्ही तर जाणते आहात. ह्या माणसाचे गुडघे हँडलला लागतील की नाही? सीटच्या दांड्यावरची खूण बघा, कुणाच्या उंचीची आहे ती?"

गृहस्थांनी पाहिलं. त्यांना कळलं, ते मला स्पष्ट दिसलं. हळूच म्हणाले, "ताई, तुमचं खरं असेल हो. पण पुढचं गिऱ्हाईक नाव वाचतं. तुमचं म्हणून सांगितलं तर हे नाव म्हणजे ओरखडा ठरतो. मग चाळीसच्या वर जमणार नाही."

"चाळीस द्या. पण माझी म्हणून सांगाल?"

"सांगीन की," ते म्हणाले, आणि नजर अण्णाकडे गेली. त्या नजरेवरूनच मी समजले. पुण्यात पोचेपर्यंत ती पुन्हा अण्णाची होणार.

"विकायची नाही," मी म्हणाले. "या तुम्ही."

ते गेले. अण्णा चिडला. लक्ष्मी दारात आली होती, तिला लाथ मारलीस म्हणाला. मी आत जाऊन चहा टाकला, भांडी आपटली, आणि कप त्याच्यापुढं ठेवला. अर्धा कप झाल्यावर त्याचा आवाज खाली आला.

"तूच चालवायचीस गं. मला काय ठाऊक न्हाय व्हय? लई जोरात चालवायचीस."

"हे मघाशी त्यांच्यासमोर बोलला असतास ना," मी म्हणाले, "तर मी त्यांना ती फुकट दिली असती."

त्यानं उरलेला चहा संपवला, कप तिथंच ठेवला आणि निघून गेला.