काकूचं ‘दोन’

राजेंद्र नगरच्या आमच्या काकूचं दुखणं कधी दोनाच्या वर गेलं नाही. गुडघा बदलला तेव्हा इस्पितळात दर चार तासांनी विचारत, शून्य ते दहामध्ये किती दुखतंय? काकू हसून म्हणे, "दोन." मी ते वहीत इमानदारीनं लिहून घेई. तिला मूलबाळ नव्हतं; सोबतीला मी होतो, आणि आकड्यांवर माझा विश्वास होता.

ऑपरेशन कमरेखालचा भाग बधिर करून झालं. काकू जागीच होती. "शेजारी कुणी भिंतीत खिळा ठोकतंय, असं वाटत होतं बघ." नंतर मांडीत आणखी एक इंजेक्शन दिलं, त्यामुळे दिवसभर तो पाय तिचा नव्हताच. खिडकीतलं हिवाळ्याचं ऊन पांघरुणावरून सरकत होतं, आणि झोपलेल्या लेकराकडे बघावं तशी ती पायाकडे बघत होती. "हळू बोल रे भिया, उठेल तो."

भूल देणाऱ्या डॉक्टरीणबाईंनी मला बजावलं होतं : बधिरपणा उद्या ओसरेल. दुखणं चढायच्या आधी सांगा, औषध वाढवू. दुखण्यापायी गुडघा वाकवला नाही, तर तो आखडून बसेल. काकूला तर घरच्या गच्चीवर जायचं होतं. चौदा पायऱ्या. तीन वर्षं ती वर गेली नव्हती.

दुसऱ्या दिवशी सकाळी सिस्टरनं विचारलं, "अम्माजी, दर्द कितना?"

"दो. तूने नाश्ता किया क्या? तेरी माँ का बुखार उतरा?"

मग मला माझ्या बायकोची कंबर विचारली, शेजारच्या मुलीची परीक्षा विचारली, हातोद गावाहून येणाऱ्या दूधवाल्याची म्हैससुद्धा. व्यायामाच्या बाईंनी पायाला हात लावताच त्यांच्या सासूची तब्येत विचारली. गुडघा मात्र हलला नाही. वहीत आकडा दोनच होता, आणि काकूच्या मुठीत चादर चुरगळली होती.

"काकू, खरा आकडा सांग."

"सगळे कामात असतात रे. काहेको परेशान करायचं?"

मी वहीत दुसरा रकाना आखला : चौकशा. पाचाच्या वर गेल्या की डॉक्टरीणबाईंना बोलवायचं. डॉक्टरीणबाई आधी हसल्या, मग काकूला तपासून त्यांनी औषध वाढवलं. संध्याकाळी गुडघा वाकला. काकू डोळे मिटून, पाण्यावर तरंगावं तशी पडून राहिली.

"माझ्या बायकोचं काही विचारत नाहीस?"

"असेल बरी," ती पुटपुटली आणि झोपली.

चैत्रात ती गच्चीवर गेली. पुढची चार वर्षं रोज सकाळचं ऊन तिनं वर बसून घेतलं.

गेल्या फाल्गुनात तिचा शेवटचा फोन आला. तब्येत विचारली तर म्हणाली, "मस्त." मग बायकोची चौकशी, मुलांची, माझ्या दाताची, तुळशीच्या कुंडीची. सहाव्या चौकशीला मी गाडीची किल्ली शोधू लागलो. नवव्या चौकशीला जिना उतरत होतो.

"आणि तुझी ती वही रे? आहे अजून?"

"आहे."

"मग निघालाच असशील," काकू म्हणाली.