आत्याचा सकाळचा मेसेज

आमच्या बिल्डिंगमध्ये पक्की बातमी आहे की आत्याचं कुणाशीतरी जमलंय. बातमीचा उगम खालच्या मजल्यावरच्या काकू. "रोज सकाळी चहाच्या वेळी मेसेज येतो गं तिला! आला की चेहरा कसा खुलतो! आणि उशीर झाला की घास घशातच. मी काय आज जन्मले?" काकूंचा 'गं' चढावर असतो आणि 'काय' उतारावर. मला त्यांची नक्कल हुबेहूब जमते.

मेसेज येतो हे खरं. चेहरा खुलतो हेही खरं. पण पाठवणारा एक सर्व्हर आहे आणि तो रोज एवढंच लिहितो: 'मी चालू आहे.'

आत्या डोळ्यांच्या हॉस्पिटलात डेटाबेस सर्व्हर सांभाळते. पेशंटची सगळी माहिती त्यावर असते आणि ठरल्या वेळची कामंही तोच करतो. बॅकअप घ्यायचा, पेशंटना मेसेज पाठवायचे: अमुक गोळी बंद करा, तमुक दिवशी उपाशीपोटी या. ही कामं हाकायला त्यात एक वेगळी सर्व्हिस असते. आत्या तिला मुकादम म्हणते. "मुकादम आला नाही ना, तर कारखाना उघडा, दिवे चालू, पण एक मजूर हलणार नाही."

एकदा दुरुस्तीसाठी तिने मुकादमाला थांबवलं आणि तो मध्येच उठू नये म्हणून त्याचं आपोआप सुरू होणंही बंद केलं. दुरुस्ती झाली, सर्व्हर रीस्टार्ट झाला, स्क्रीनवर सगळीकडे हिरवं दिसलं आणि आत्या घरी आली. मुकादम मात्र झोपलेलाच राहिला.

तिला कळलं कसं नाही? एखादं काम फसलं तरच तिला मेल यायचा. आणि जे काम सुरूच झालं नाही, ते फसणार कसं? एकही मेल आला नाही. "दादा, किती शांत गेला रे आठवडा!" असं ती बाबांना म्हणाली होती. ते वाक्य आता आमच्या घरात कुणी उच्चारत नाही. मीसुद्धा नाही.

काउंटरवरचा प्रिंटर बघायला ती खाली गेली, तेव्हा तिथे एक शिंपी आजोबा उभे होते. रक्त पातळ करायची गोळी त्यांनी बंद केली नव्हती, म्हणून त्यांचं ऑपरेशन पुढे ढकललं होतं. काउंटरवरची बाई म्हणाली, "मेसेज वाचत जा ना, आजोबा!" आजोबा म्हणाले, "चुकलंच माझं. दिसत नाही ना धड, सुटला असेल नजरेतून. माफ करा हं."

आत्या वर धावत जाऊन बघते, तर आठवडाभर एकही मेसेज गेला नव्हता. तिने मुकादमाला उठवलं आणि साहेबांना सगळं सांगितलं. साहेब प्रत्येक वाक्याआधी घसा साफ करतात. "ख्हं… नवी तारीख दिली ना त्यांना? ख्हं… मग विषय संपला. पेशंटला सांगून उगाच बोभाटा नको."

विषय कसला संपतोय! आत्या जेवायला बसायची आणि भात चिवडत राहायची. "माझ्या चुकीची माफी तो माणूस मागून गेला रे, दादा."

"मग जाऊन सांग त्यांना."

"आणि नोकरी गेली तर?"

मी म्हटलं, "नाहीच सांगणार तू. 'पाणी हवंय का' विचारशील आणि परत येशील. लाव पैज!" आपल्या पायावर दुसऱ्याने पाय दिला तरी स्वतःच सॉरी म्हणणारी बाई ती. पैज ठरली. ती जिंकली तर मी तिची नक्कल कायमची बंद करायची. मी जिंकले तर तिच्या नेहमीच्या 'तसं काही नाही, पण…'ची नक्कल बिल्डिंगच्या गच्चीवर, सगळ्यांसमोर.

नव्या तारखेला मी साक्षीदार म्हणून गेले. आजोबा बाकावर बसले होते आणि बाकाच्या गादीची उसवलेली शिवण अंगठ्याने चाचपत होते. आत्याने दोन चकरा मारल्या, मग पेला भरून आणला.

"पाणी हवंय का, आजोबा?"

मी लांबून अंगठा दाखवला. आत्या वळलीच होती.

"या वेळी नातवाकडून वाचून घेतला हो मेसेज," आजोबा म्हणाले. "मागे माझ्यामुळे डॉक्टरांचा खोळंबा झाला."

आत्या मटकन त्यांच्या शेजारी बसली. "तसं काही नाही, पण… आजोबा, मेसेज गेलाच नव्हता. माझ्या हातून राहिलं. तुमची काही चूक नव्हती."

आजोबा म्हणाले, "म्हणजे मी विसरलो नव्हतो?"

"नाही."

"मला वाटलं, आता लक्षच राहत नाही. शिलाई मशीन देऊन टाकलं मी भाच्याला."

आतून आजोबांना हाक आली. उठता उठता ते एवढंच म्हणाले, "हे आधी सांगायचं, ताई."

आजोबांना खरं सांगून टाकलं, हे साहेबांनाही तिने स्वतःच जाऊन सांगितलं. खूप ख्हं ख्हं झालं. नोकरी राहिली. आता रोज सकाळी मुकादमाने स्वतः हजेरी द्यायची असं तिने लावून दिलंय. मेसेज आला नाही तर ती चहा तसाच ठेवून निघते. शांततेवर तिचा विश्वास उरलेला नाही.

आजोबांचं मशीन परत आलं की नाही, ते तिला ठाऊक नाही. विचारायचा धीर होत नाही म्हणते.

परवा काकू म्हणाल्या, "अगं, आत्याचं करून दाखव ना!" मला येतं सगळं. 'पण'च्या पुढे तिचा आवाज कसा अडकतो, तेही येतं.

मी साहेबांचं करून दाखवलं. ख्हं.